वाढीव गुणांचा न्याय

मराठी क्रीडारसिकाच्या कानावर ‘बोलर’ हा शब्द पडला, की लाल चेंडू हातात घेऊन धावत येणारा गोलंदाज त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अमेरिकेतील मिलवॉकी वा डेट्रॉइट यांसारख्या कारखानदारीच्या शहरांत मात्र या शब्दाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या निराळा राहिला आहे. तेथील बोलर म्हणजे दिवसभर यंत्रावर वा कचेरीच्या मेजावर राबून, आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी आपल्या संघासह बोलिंगगृहात जाणारा आणि ६० फूट लांबीच्या गुळगुळीत पट्ट्यावरून जड चेंडू घरंगळत सोडून पलीकडच्या दहा पिना पाडू पाहणारा सामान्य माणूस. क्रिकेटच्या गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितका तो श्रेष्ठ. या बोलरची सरासरी जितकी अधिक तितका तो थोर. एवढा फरक ध्यानात ठेवला की हिशेब सोपा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कारण हे खेळाडू ज्या साप्ताहिक लीगमध्ये खेळतात तेथे बहुधा प्रत्येकाच्या प्रत्यक्ष गुणांत आणखी काही गुण मिळविले जातात, आणि त्यानंतर कोण कोणापेक्षा सरस हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळच अवघड होऊन बसतो.

हे मिळविलेले गुण म्हणजे हँडिकॅप. घोड्यांच्या शर्यतींमुळे हा शब्द मुंबई-पुण्याला अपरिचित नाही. तेथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात आणि दुबळ्याला हलके सोडतात. बोलिंगमध्ये बलवानाला ओझे देण्याऐवजी दुबळ्याला देणगी देण्याची पद्धत आहे. लीगच्या प्रारंभी एक आधारांक ठरतो, समजा २२०. खेळाडूची सरासरी या आधारांकाहून जितकी कमी असेल त्या अंतराचा काही हिस्सा, कोठे ८० टक्के, कोठे ९०, तर कोठे पूर्ण १०० टक्के, त्याच्या प्रत्येक डावातील गुणांत मिळवावयाचा. ज्याची सरासरी आधारांकाच्या वर आहे त्याला बहुधा काहीच मिळत नाही. हेतू उघड आहे. पंचवीस वर्षे मुरलेला खेळाडू आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा चेंडू हाती घेतलेला त्याचा सहकारी या दोघांना एकाच संध्याकाळी परस्परांविरुद्ध खेळता यावे, आणि खेळ संपेपर्यंत निकालाची उत्सुकता टिकावी.

हेतू चांगला असला तरी त्यातून निघणारा निकाल किती लवचीक असतो हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. एका खेळाडूची सरासरी २०० आहे, दुसऱ्याची १५०. एका संध्याकाळी पहिल्याने २१० गुण केले, दुसऱ्याने १६५. हँडिकॅप ९० टक्के असेल तर पहिल्याला १८ आणि दुसऱ्याला ६३ गुण मिळतील. दोघांची बेरीज २२८, म्हणजे बरोबरी. तोच हँडिकॅप ८० टक्के धरला तर पहिल्याचे २२६ आणि दुसऱ्याचे २२१ होतात, विजय पहिल्याचा. पूर्ण १०० टक्के धरला तर पहिल्याचे २३०, दुसऱ्याचे २३५, विजय दुसऱ्याचा. चेंडू तेच, पडलेल्या पिना त्याच, माणसेही तीच. सप्टेंबरात लीगच्या पहिल्या बैठकीत हात वर करून जो टक्का मंजूर झाला त्यावर निकाल फिरला. अशा निकालाला सामन्याचा निकाल म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. सामना हा काही नियम आपसांत मान्य करूनच खेळावयाचा असतो. त्या रात्री या दोघांपैकी अधिक चांगला कोण खेळला, याचे उत्तर म्हणून मात्र तो निकाल कोणी पुढे करू लागला तर ती स्वतःची फसवणूक होय.

आणि नेमके तेच सर्रास घडते. हंगाम संपत आला की लीगचा चिटणीस तक्ता लावतो. त्यात प्रत्येकाची सरासरी, सर्वोच्च डाव, आणि शेजारी हँडिकॅप धरून आलेले आकडे असतात. त्या शेवटच्या रकान्यावरून क्रम लावले जातात, चषक वाटले जातात, आठवड्याच्या वर्गणीतून जमलेल्या निधीतील रकमा दिल्या जातात. आता थोडे गणित पाहावे. हँडिकॅप पूर्ण १०० टक्के असेल तर खेळाडूची सरासरी अधिक आधारांकापर्यंतची तूट, म्हणजे प्रत्येकाच्या बाबतीत २२०! १५० सरासरीच्या माणसाचेही २२० आणि २०० वाल्याचेही २२०. ज्या रकान्यात व्याख्येनेच सर्वांचा आकडा सारखा यावयाचा त्याच्या आधारे माणसांची तुलना कशी करणार? हँडिकॅप ९० टक्के असेल तर १९८ मध्ये सरासरीचा दहावा हिस्सा मिळविला की तो आकडा येतो. २०० वाल्याचे २१८, १५० वाल्याचे २१३. म्हणजे मूळ सरासरीचाच क्रम, केवळ दहापट आकसून लिहिलेला. त्यातून नवे काही कळत नाही.

तरीही प्रत्यक्ष तक्त्यात हे आकडे असे काटेकोर उतरत नाहीत. कोणी त्याच्या पुष्कळ वर निघतो, कोणी खाली राहतो. ही तफावत येते कोठून? ती येते सरासरीच्या मंद चालीतून. हँडिकॅप ठरतो तो आजवरच्या सरासरीवर, आणि खेळाडू खेळतो ते आजच्या बळावर. एक नवखा खेळाडू घ्यावा. पहिले नऊ आठवडे, आठवड्याला तीन डाव या हिशेबाने २७ डाव, तो सरासरी १२० ने खेळतो. मग कोणी जाणता त्याला पाऊल कोठे टाकावे, चेंडू केव्हा सोडावा हे दाखवितो आणि त्याचा खेळ १५० वर जातो. दहाव्या आठवड्यात कागदावर त्याची सरासरी अद्याप १२० च असते, म्हणून त्याला ९० गुण मिळतात. त्याच्या १५० चे २४० होतात आणि २०० सरासरीचा कसलेला खेळाडू आपल्या २१८ वर हात चोळीत बसतो. आणखी नऊ आठवड्यांनंतरही, म्हणजे एकूण ५४ डाव झाल्यावर, नवख्याची सरासरी जेमतेम १३५ वर आलेली असते. खेळ १५० चा आणि सवलत १३५ ची. हे काही पाप नव्हे. शिकण्याला मिळालेले ते बक्षीसच आहे, आणि ते मिळावे असेच बहुतेकांना वाटते.

परंतु याच ठिकाणी त्या रकान्याचे खरे वैगुण्य उघडे पडते. आता दुसरा एक खेळाडू घ्यावा, ज्याची ताकद पहिल्यापासूनच १५० ची आहे. तो पहिले नऊ आठवडे मुद्दाम हात आखडून खेळतो. एखादी शेवटची पिन सोडून देतो, हरलेल्या डावात चेंडू कडेच्या गटारात घालवितो आणि आपली सरासरी १२० वर आणून ठेवतो. दहाव्या आठवड्यापासून तो खरा खेळ खेळू लागतो. त्याची सरासरी, त्याचा हँडिकॅप, त्याची २४० ची बेरीज, सारे काही त्या प्रामाणिक नवख्याच्या आकड्यांशी अक्षरशः तंतोतंत जुळते. अमेरिकन बोलर या लबाडीला ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. नियमांत तिला मज्जाव आहे, चौकशीची व शिक्षेची तरतूदही आहे. तथापि तक्ता पाहून चोर कोण आणि साव कोण हे सांगता येत नाही. सर्वाधिक प्रगतीचे बक्षीस दोघांच्याही नावावर सारख्याच हक्काने पडते. याची झळ बसते ती बहुधा सावालाच. हंगामाच्या मध्यावर ज्याचा खेळ एकाएकी उजळला त्या गरीब माणसाकडे शेजारच्या टेबलावरून तिरक्या नजरा वळू लागतात. सहा महिने घाम गाळून मिळविलेले कौशल्य हेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. असा माणूस पुढच्या सप्टेंबरात परत येईलच याची शाश्वती नाही.

शर्यतीच्या घोड्यालाही वजन कमी मिळावे म्हणून आवरून धरल्याचे आरोप जुनेच आहेत. तेथे निदान डोळे लावून बसलेले पंच असतात. गोल्फने निराळी वाट काढली. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत खेळाडूच्या अलीकडच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठच हँडिकॅपसाठी धरतात. परिणामी मुद्दाम वाईट खेळून फारसे काही हाती लागत नाही, कारण वाईट फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. गोल्फचा हँडिकॅप माणूस काय करू शकतो हे विचारतो. बोलिंगचा हँडिकॅप त्याने आजवर काय केले याची सरसकट बेरीज मांडतो. काही लीगांनी यावर उपाय म्हणून चालू सरासरीला गेल्या हंगामाच्या सरासरीखाली अमुक पिनांपेक्षा अधिक घसरू द्यावयाचे नाही असा दंडक घातला आहे. तो उपयुक्त आहे, पण गेल्या हंगामाची नोंदच नसलेल्या नवख्याला तो लागू कसा करावयाचा, हा पेच उरतोच.

तुलनेतील दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सारा हँडिकॅप असे गृहीत धरतो की एक पिन म्हणजे एक पिन. दीडशेवरची असो वा दोनशेवरची, तिचे मोल सारखेच. बोलिंगची गुणपद्धती तसे म्हणत नाही. डावात दहा फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो स्ट्राइक. त्याला पुढील दोन चेंडूंचे गुण अधिक मिळतात. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर तो स्पेअर. त्याला पुढील एका चेंडूचे गुण मिळतात. आता एक खेळाडू दरवेळी पहिल्या चेंडूत नऊ पिना पाडतो आणि उरलेली एक दरवेळी चुकवितो. त्याचे गुण ९०. दुसराही दरवेळी नऊच पाडतो, पण उरलेली एक दरवेळी टिपतो. त्याचे गुण १९०. दोघांत प्रत्यक्ष फरक दहा पिनांचा, आणि गुणफलकावर शंभराचा! स्ट्राइक आणि स्पेअर यांची आळीपाळीने माळ लावली की डाव बरोबर २०० चा होतो, आणि बारा स्ट्राइक सलग साधले की ३०० चा, ज्याच्या पुढे या खेळात काही नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्वदापासून एकशेनव्वदापर्यंतची चढण एकच सोपी वाटणारी पिन नेमाने टिपण्याच्या सवयीने चढता येते. ती सवय सोपी नव्हे, पण शिकता येण्याजोगी आहे. त्यापुढचा डोंगर निराळ्या दगडाचा आहे. तेथे पहिलाच चेंडू पिनांच्या त्रिकोणात नेमक्या जागी, नेमक्या कोनातून शिरावा लागतो आणि एका बोटाच्या अंतराने स्ट्राइक हुकतो. म्हणून १३० वरून १५० वर आलेल्या आणि २०० वरून २२० वर गेलेल्या दोन खेळाडूंची प्रगती ‘वीस-वीस पिनांची’ म्हणून एकाच तराजूत घालणे सयुक्तिक नाही. उलट, सर्वाधिक प्रगतीचे बक्षीस जवळजवळ नेहमीच खालच्या पायरीवरच्या खेळाडूला जाते आणि वरच्या पायरीवरचा माणूस आपली दोन-चार पिनांची कमाई, जिच्यासाठी त्याने अधिक घाम गाळला असेल, कोणाला सांगूही शकत नाही.

मग तेलाचा प्रश्न. बोलिंगच्या पट्ट्यावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो हे बाहेरच्या प्रेक्षकाला दिसतही नाही, पण खेळाडूचे निम्मे नशीब त्यात असते. साध्या गृहांत तेल मध्यभागी अधिक आणि कडांना कमी घालतात. त्यामुळे थोडा बाहेर गेलेला चेंडू कोरड्या भागाला पकडून आपोआप आत वळतो आणि मध्ये राहिलेला घसरत सरळ जातो. चूक पट्टाच दुरुस्त करून देतो. स्पर्धांसाठी तेल अधिक समान पसरले की तीच माणसे गडबडतात. १९९० नंतरच्या दशकात नव्या रेझिनच्या चेंडूंनी वळण आणखी तीव्र केले, सरासऱ्या फुगल्या, आणि पूर्वी २०० वर असलेले आधारांक २१०, २२० असे वर सरकवावे लागले. गोल्फच्या मैदानाला त्याच्या काठिण्याचा अंक दिलेला असतो आणि हँडिकॅप काढताना तो हिशेबात घेतात. बोलिंगच्या सामान्य लीगमध्ये अशी सोय नाही. एका गृहातील २१० म्हणजे दुसऱ्या गृहातील २१० असे समजून चालणारे चिटणीस दूध मोजण्याचे माप न पाहता दुधाचा भाव ठरविणाऱ्यासारखे आहेत.

यावर उपाय अवघड नाही. एका रात्री एकाच गृहात सर्वजण जवळपास सारख्याच तेलावर खेळतात. त्या रात्री साऱ्या लीगचे गुण त्यांच्या सरासऱ्यांहून मिळून बारा पिनांनी घसरले असतील, आणि एखादा खेळाडू आपल्या सरासरीच्या तीनच पिना खाली राहिला असेल, तर कागदावर तोटा दिसत असूनही तो त्या रात्री चांगलाच खेळला असे म्हटले पाहिजे. सरासरीबरोबरच तिच्याभोवतीची चढउतारही पाहावी लागते. १७८, १८० आणि १८२ करणारा एक, आणि १४०, १८० आणि २२० करणारा दुसरा. सरासरी दोघांची १८० आणि म्हणून हँडिकॅपही सारखा. पण अटीतटीच्या सामन्यात शेवटी कोणाला खेळवावे असे संघनायकाला विचारले तर तो क्षणभरही घुटमळणार नाही. उलट शेकडो स्पर्धकांच्या हँडिकॅप स्पर्धेत पहिले बक्षीस त्या लहरी दुसऱ्यालाच लागण्याचा संभव अधिक, कारण तेथे सातत्य कामाला येत नाही. एखादा अफाट दिवस कामाला येतो.

संगणकाधारित गुणफलक आता घराघरांत, म्हणजे बोलिंगगृहांत, बसले आहेत. पेन्सिलीने गुण मांडण्याचा काळ गेला. पहिल्या चेंडूत किती पडल्या, एकटी उरलेली पिन कितीदा टिपली, कोणत्या फ्रेममध्ये चूक झाली, हे सारे यंत्राला ठाऊक असते. प्रामाणिक नवख्याच्या चुका डावभर विखुरलेल्या असतात. हात आखडणाऱ्याच्या चुका सोप्या एकट्या पिनेवर आणि सामना आधीच निकालात निघालेल्या फ्रेममध्ये गोळा झालेल्या दिसतात. जी गोष्ट सरासरीच्या रकान्यात लपते ती फ्रेमच्या नोंदीत लपणे कठीण. तरीही बहुतेक लीग आठवड्याच्या शेवटी एवढी सामग्री बाजूला सारून तीन-चार आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावतात आणि त्यावरूनच एकमेकांच्या पात्रतेविषयी आणि नीतीविषयी मते बनवितात. चिटणिसाचे काम बहुतेक ठिकाणी हौसेचे असते, त्याला सवड नसते, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या रकान्यामुळे एखाद्याला लबाड ठरविले जाऊ शकते तो मांडणाऱ्याने थोडी अधिक तसदी घेतली तर ते वावगे ठरणार नाही.

संघांच्या सामन्यासाठी हँडिकॅप ठेवावा, आणि ठेवावयाचा तर शंभर टक्क्यांच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. ८० टक्क्यांच्या हँडिकॅपमध्ये ५० पिनांच्या अंतरावर बलवानाला प्रत्येक डावात दहा पिना गुपचूप बहाल होतात, आणि तीन डावांच्या मालिकेत तीस. व्यक्तीची तुलना मात्र मूळ गुणांवरच व्हावी, सरासरीनुसार पाडलेल्या गटांत व्हावी, आणि त्या रात्रीच्या लीगच्या पातळीशी ताडून व्हावी. दीडशेच्या गटातील उत्तम खेळाडू हा दीडशेच्या गटातील उत्तम खेळाडू म्हणूनच गौरविला जावा. त्याला २४० चा मुखवटा चढवून दोनशेच्या खेळाडूशेजारी उभे करण्यात त्याचाही सन्मान नाही.

अमेरिकन बोलिंग काँग्रेस १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली ती नियम आणि साधने एकरूप करण्यासाठीच. चेंडूचे वजन, पिनांचा आकार, पट्ट्याची लांबी यांत सर्वांना सारखी संधी मिळावी म्हणून तिने काटेकोर दंडक घातले. त्याच संस्थेने १९१६ साली आपल्या घटनेत सदस्यत्व श्वेतवर्णीय पुरुषांपुरतेच मर्यादित करणारे कलम घातले. पिनेच्या वजनातील औंसाचा फरक तिला खपत नव्हता, पण डेट्रॉइटच्या कारखान्यात एकाच पाळीत शेजारी उभा राहून काम करणारा कृष्णवर्णीय कामगार संध्याकाळी तिच्या मान्यतेच्या लीगमध्ये खेळू शकत नव्हता. त्या खेळाडूंनी १९३९ साली डेट्रॉइटमध्येच आपली स्वतंत्र संघटना उभारली. मोटार कामगारांच्या संघटनेने या कलमाविरुद्ध मोहीम चालविली, न्यायालयांत दावे झाले, आणि अखेर १९५० मध्ये ते कलम गेले. त्यापूर्वीच्या चौतीस वर्षांतील सर्वोच्च सरासऱ्या, विक्रम आणि क्रम वाचताना ही तुलना कोणाकोणात झाली हे विसरून चालत नाही.

त्यानंतरच्या काळात लीगच ओसरू लागल्या. रॉबर्ट पुटनम या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने दाखवून दिले, की १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या १० टक्क्यांनी वाढली आणि लीगमधून खेळणाऱ्यांची ४० टक्क्यांनी घटली. लोक खेळत होते, पण संघ करून खेळेनासे झाले होते. त्याची कारणे पुटनम यांनी समाजाच्या बदलत्या घडणीत शोधली, आणि ती तेथेच शोधावयास हवीत. मात्र एकट्याने खेळणाऱ्याला हँडिकॅपची गरज नसते. दोनशेच्या खेळाडूला एकशेवीसच्या खेळाडूबरोबर दर आठवड्याला एका पट्ट्यावर आणणारी दुसरी कोणतीही युक्ती या खेळाला सापडलेली नाही. आणि ज्या लीग अजून टिकून आहेत त्यांच्या सप्टेंबरच्या बैठकीत टक्का किती ठेवावा यावरचा वाद दरवर्षी नव्याने, तितक्याच तावातावाने होतो.